एकसारख्या बरण्या

ती वही अजून माझ्याकडे आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, कडांना तेलाचे डाग. पहिल्या पानावर 'घरगुती उपाय' असं ठळक लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत, परीक्षेच्या पेपरात मथळ्याखाली ओढायचो तशा. पेपरच्या पुरवणीत, मासिकात, रेडिओवर जे सापडेल ते मी त्यात उतरवून घ्यायचे. मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकावेत, मीठ ओलं होत नाही. आरसा कापलेल्या बटाट्याने पुसावा. केकच्या भांड्याला तूप लावून वरून मैदा भुरभुरावा, केक चिकटत नाही. अशी पानंच्या पानं भरली आहेत. त्यातलं एक पान मात्र मी आजही उघडत नाही. त्या पानावरच्या टिपेमुळे माझ्या सासूच्या जिवावर बेतलं होतं. टीप पेपरवाल्यांची होती, पण हात माझे होते.

माझं माहेर मंचरकडचं. बारावी झाले आणि लग्न होऊन ओतूरच्या पुढे मळ्यात पडले. नवऱ्याने लग्नाआधी दोन वर्षं स्लॅबचं घर बांधलं होतं, आणि सिमेंटच्या नव्या घरात जसं सगळं उघडंबोडकं असतं तसंच ते होतं. मी कंबर कसली. जुन्या साड्यांचे काठ कापून पडदे शिवले. फुटक्या माठाला ऑइलपेंट देऊन त्यात प्लॅस्टिकची फुलं खोचली. समोरच्या भिंतीवर स्पंजाने गुलाबी ठिपके उठवले, तेही पुरवणीत वाचूनच. महिला मंडळाच्या बायका बघायला यायच्या, "मंचरवालीचं घर म्हंजी काय सांगावं," म्हणायच्या, आणि मी वरवर लाजायचे. मिजास होती मला, खोटं कशाला बोलू.

स्वयंपाकघर तेवढं माझ्या हातात नव्हतं, ते सासूचं होतं. मी तिला आत्या म्हणायचे. तिच्या फळीवर डब्यांची जत्राच होती. साखर दुधाच्या पावडरीच्या उंच डब्यात. मीठ काठ चेपलेल्या पितळी डब्यात. रवा बिस्किटांच्या चौकोनी पत्र्यात. खायचा सोडा बामच्या मोठ्या बाटलीत. साबुदाणा डालड्याच्या डब्यात, त्याला तारेची कडी. एकाचं तोंड दुसऱ्याला लागत नव्हतं. झाकणं वेगळी, उंच्या वेगळ्या, कुणाला गंज, कुणाला पोचा. पण आत्याचा हात त्या गर्दीत असा फिरायचा की मान वळवावी लागायची नाही. बोलता बोलता हात मागे जायचा आणि हवा तो डबा घेऊन यायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं नाही. पाहुणे पाणी प्यायला आत आले की मला त्या फळीची लाज वाटायची.

आणि मग ती टीप आली. 'स्वयंपाकघरात एकसारख्या बरण्या ठेवाव्यात. मांडणी सुबक दिसते आणि गृहिणीचा वेळ वाचतो.' बरोबर फोटोही होता. मी ते कात्रणच वहीत चिकटवलं.

त्या दिवसांत जुना पत्रा, पितळ, लोखंड घेऊन त्यावर प्लॅस्टिकची भांडी देणारा एक सायकलवाला मळ्यात फिरायचा. मी अंगणात सगळे डबे रिकामे करून मांडले. आत्या ओसरीवर बसून होती. तिने हात लांबवून तो चेपलेला पितळी डबा जवळ ओढला, अंगठ्याने त्याचा पोचा चाचपला आणि म्हणाली, "ह्यो येक राहू दे."

"पोचा आलाय त्याला आत्या. फळीवर कसा दिसेल?"

"दिसायचं काय त्यात. मिठाचा हाय त्यो."

"मीठ नव्या बरणीत जास्त कोरडं राहतं," मी म्हणाले, कारण तीही टीप माझ्या वहीत होती. आत्याने डबा खाली ठेवला. सायकलवाल्याने तो पायाखाली चेपला आणि पोत्यात टाकला. त्या बदल्यात बारा बरण्या मिळाल्या. दुधी पांढऱ्या, आतलं दिसू नये इतक्या जाड, सगळ्यांना तांबडी झाकणं. संध्याकाळी मी कागदाच्या पट्ट्या कापून त्यावर नावं लिहिली आणि खळीने चिकटवली. आत्याला अक्षरओळख नव्हती, हे मला ठाऊक होतं. शिकेल हळूहळू, जागेवरून ओळखेल, असं मी स्वतःशी म्हटलं. अकरा बरण्या भरल्या. बारावी रिकामी राहिली ती टोकाला ठेवली, रांग पुरी दिसावी म्हणून.

त्यानंतर घरात काहीतरी बिनसलं. आठ दिवसांत चहा खारट झाला. नवऱ्याने थुंकून टाकला आणि हसला. मग एकदा आमटी गोड. मग उपासाच्या दिवशी खिचडीत मीठ दोनदा. "वय झालं," नवरा म्हणाला. मला तसं वाटत नव्हतं. मसाला, हळद, हिंग कधी चुकायचं नाही, चुकायचं ते पांढरंच. आणि चुकायचं तेही नेमकं माझ्या बरण्यांतलं. माझी मांडणी तिला खुपते, म्हणून ती मुद्दाम करते, अशी माझी पक्की समजूत झाली. सासू-सुनेत असं असतंच, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्यामुळे वेगळा काही विचार करावा असं मला वाटलंच नाही.

मुलाच्या वाढदिवसाला मी कुकरमध्ये वाळू घालून केक करायला घेतला. अंडं आमच्यात चालत नाही, म्हणून दह्याचा. नणंद माहेरी आली होती, शेजारपाजारची पोरं ओट्याभोवती जमली होती. मी दही-तूप फेटत होते आणि मागे न बघता म्हणाले, "आत्या, पिठीसाखर द्या दोन वाट्या." तिने वाटी भरून दिली, पुन्हा भरून दिली. केक झकास फुगला. वर टूटीफ्रूटी, मध्ये मेणबत्ती. मुलाने पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड असं वाकडं झालं की नणंद फिस्सकन हसली. अख्ख्या केकमध्ये मीठ होतं. पोरं हसली, नवरा हसला. आत्याही हसली, पण सगळ्यांच्या नंतर, आणि कुणीकडे बघून हसावं ते न कळल्यासारखी. मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तो केक म्हशीपुढे टाकला, तर म्हशीने हुंगून तोंड फिरवलं.

आता मागे वळून बघते तेव्हा एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहते. सुईत दोरा ओवायला ती नातीला हाक मारायची. मी स्टूल हलवलं की त्या दिवशी तिचा पाय हमखास आपटायचा. दारातल्या माणसाला ती आधी बोलू द्यायची, मगच "या" म्हणायची. आणि त्या वर्षी उसात बिबट्या शिरला होता. आमच्या पट्ट्यात दिवस मावळायच्या आत दारं लागायची. आत्या तर भरदुपारी घराबाहेर पडेनाशी झाली. "बिबट्याचं भ्या वाटतं," म्हणायची. आम्हाला ते पटलं. सगळा मळा उसाकडे डोळे लावून बसला होता. आपल्या ओट्याकडे कोण बघणार?

मग केकनंतर चुका थांबल्या. चहा चहासारखा लागू लागला. मला वाटलं, माझ्या अबोल्याने काम केलं. एक दिवस मी अचानक आत गेले, तर आत्या फळीपाशी उभी. एका बरणीचं झाकण उघडून तिने बोट आत घातलं आणि जिभेला लावलं. झाकण लावलं. दुसरी बरणी उघडली, बोट ओलं तसंच आत घातलं, पुन्हा जिभेला लावलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आत्या, उष्टं बोट घालता बरणीत? पोरं खातात त्यातलं. साखर हवी तर वाटीत घेऊन खा की, चोरून कशाला खायची?"

तिने लुगड्याला बोट पुसलं आणि "बरं," म्हणाली. एवढंच. बायकांपुढे मी तो किस्सा नक्कल करून सांगितला. त्या हसल्या.

दिवाळीच्या आधी नानकटाई करून आणायचा आमच्याकडे रिवाज होता. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घरून न्यायची, ओतूरच्या बेकरीत द्यायची. तिथला माणूस मळून, गोळे करून, ट्रे भट्टीत सारतो. आपण बाकड्यावर बसून आपला नंबर राखायचा आणि भाजलेली नानकटाई घरच्या डब्यात भरून न्यायची. त्या दिवशी पोरं शाळेत गेली आणि नवरा मला मोटरसायकलवर सोडायला आला. वाटेत तो मागे न बघता म्हणाला, "तुझी ती टोकाची बरणी घेतलीय मी. कांद्याच्या औषधाची पुडी फुटली व्हती. त्यात वतली."

"नवीकोरी बरणी औषधाला?" मी चिडले. मला बरणीचं वाईट वाटलं होतं.

"रिकामीच तर व्हती."

"कुठं ठेवलीत?"

"ओट्यावर असल. फवारायला जाताना घिऊन जाईन दुपारी."

आमच्याकडे किडीवर मारायच्या विषाला औषधच म्हणतात. रोज तोंडात बसलेला शब्द, त्याने अंगावर काटा येत नाही. मला बेकरीच्या दारात सोडून तो खतांच्या दुकानाकडे गेला.

बेकरीत गर्दी होती. माझा नंबर लागायला उशीर होता. भट्टीची धग, तुपाचा वास, बायकांच्या गप्पा. शेजारची बाई आपल्या सासूचं गाऱ्हाणं सांगत होती, म्हणून मीही माझी गोष्ट काढली, बरण्या चाटणारी सासू. "साखर चाटती का?" तिने हसत विचारलं. मी म्हणाले, "साखर काय, मीठसुद्धा."

आणि बोलता बोलता मी थांबले. त्या दिवशी तिने उघडलेली पहिली बरणी मिठाची होती. मी स्वतः पाहिली होती, मीच पट्टी लावलेली. मीठ कोणी हावरटपणाने चाटत नाही. मग ती मीठ का चाटत होती? खारट चहा, गोड आमटी, केक, केकनंतर थांबलेल्या चुका. सुई. स्टूल. ती चाखून ओळखत होती. तिला बरण्या दिसतच नव्हत्या. मी तिचे डबे मोडीत घातले होते, आणि डब्यांचे आकार हेच तिचे डोळे होते. आणि आज ओट्यावर तेरावी नाही, चौदावी नाही, त्याच बारांतली एक बरणी होती. तसलंच तांबडं झाकण. आत पांढरी पावडर, जिला फारसा वासही नव्हता.

त्या क्षणी मी उठले असं मला लिहायचं आहे. पण मी उठले नाही. माझे ट्रे नुकतेच भट्टीत गेले होते. सकाळी दहाला ती कशाला ओट्यापाशी जाईल, चहा तर झालाय, नवरा घरी पोचला असेल, उगाच काहीतरी डोक्यात घेतेय मी, असं मी स्वतःला समजावत बसले. तूप घरचं होतं, साखर माझी होती, नंबर गेला असता. दोन ट्रे बाहेर येईपर्यंत मी थांबले. गरम नानकटाई डब्यात भरली. तिसरा ट्रे तिथेच टाकून रस्त्यावर आले. जीप होती, पण ती भरल्याशिवाय सुटेना. ड्रायव्हर "नारंगाव नारंगाव, मधी थांबल" ओरडत होता, आणि मी मांडीवर डबा घेऊन बसले होते. चुलत दिरांकडे फोन होता, पण तो उचलायला दिवसा घरात कुणी नसायचं, सगळी रानात. डब्याचा चटका साडीतून मांडीला लागत होता. मी तो खाली ठेवला नाही.

घराच्या वाटेवर कुत्रं भुंकलं नाही. दार उघडं होतं. आत्या ओसरीच्या पायरीवर बसली होती, दोन्ही हातांनी पायरी धरून. तोंडातून लाळ गळत होती, लुगड्याचा पुढचा भाग ओला. मी जवळ गेले तर तिने मान वर केली, माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला बघितलं.

"च्या ठिवला व्हता," ती म्हणाली. "साखर कडू लागली गं."

आत ओट्यावर पातेलं उतू जाऊन गॅस विझला होता, त्याचा वास घरभर. बरणी उघडी. पावडरीत बोटाचा एक खळगा.

मी गॅस बंद केला, बरणीचं झाकण लावलं आणि रस्त्यापर्यंत ओरडत गेले. नवरा वाटेतच भेटला. दिरांची जीप काढली. तिला मांडीवर घेऊन मी मागे बसले आणि बरणी पायांत धरली, कारण डॉक्टर औषध कोणतं ते विचारतील एवढं मला सुचलं. ती दोनदा ओकली. मग तिचे हातपाय आपोआप उडायला लागले. नवरा पुढे बसून एकच वाक्य बोलत होता, "म्या ठिवली, म्या ठिवली."

दवाखान्यात डॉक्टरांनी बरणी हुंगली, सुई मारली, आणि मग बॅटरी तिच्या डोळ्यांवर धरली. अशा विषात म्हणे बाहुल्या बघतात. त्यांनी एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. आणि आमच्याकडे वळून विचारलं, "यांना दिसत नाही, तुम्हाला माहीत नाही का? दोन्हींकडे मोतीबिंदू पिकलाय. किती वर्षं झाली?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. एका घरात राहून दोघांनाही ते दिसलं नव्हतं. तेव्हा वाटलेली शरम अजून उतरलेली नाही.

तिने नुसतं बोट लावलं होतं म्हणून ती जगली, असं डॉक्टर म्हणाले. चमचाभर घातली असती तर पुढचं बोलायलाच नको. म्हणजे मी ज्या उष्ट्या बोटासाठी तिला बोलले, त्या बोटानेच तिला वाचवलं. आणि दुसरं एक मी कुणापाशी बोलले नाही: तिने चाखलं नसतं आणि साखर समजून साखरेच्या बरणीत ओतून ठेवली असती, तर संध्याकाळी पोरं शाळेतून आली असती.

चार दिवसांनी ती बोलायला लागली. डोळ्यांचं का लपवलं, तर म्हणाली, तिच्या मावसबहिणीचा डोळा कुठल्याशा शिबिरात ऑपरेशन करून गेला होता. त्याची भीती. आणि दुसरी भीती वेगळीच. "दिसत न्हाई म्हणलं आसतं तर वट्यापासनं उठवलं आसतं तुमी. मग म्या दिसभर काय करायचं व्हतं?"

दोन महिन्यांनी दोन्ही डोळ्यांचं काम झालं. त्या सगळ्या काळात ती येईल-जाईल त्याला सांगायची, "माझी सून, नानकट्या भट्टीत टाकून पळत आली. म्हणून वाचले मी." बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. मी मान खाली घालून पाणी द्यायला आत जायचे.

पट्टी सुटल्यावर ती घरी आली तेव्हा दुपार होती. ती घरभर फिरली. पडद्यांना हात लावला, माठापाशी थांबली, गुलाबी ठिपक्यांच्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली. "लई देखणं केलंस," म्हणाली. इतक्या वर्षांत मी जे जे केलं ते ती पहिल्यांदा नीट बघत होती. मग स्वयंपाकघरात गेली. बरण्या मी टाकून द्यायला काढल्या होत्या, पण तिने ठेवायला लावल्या. मी नुसती मिठाच्या झाकणाला दोरी गुंडाळली होती आणि साखरेच्या बरणीला पोरीची बांगडी घातली होती.

"च्या ठिवते," ती म्हणाली. बांगडीची बरणी घेतली, झाकण उघडलं, आत वाकून नीट पाहिलं. आणि बोट घालून जिभेला लावलं.

"आत्या, दिसतंय ना आता?"

"दिसतंय की. पांढरं हाय. पांढरं तर त्येबी व्हतं."

तिने पातेल्यात पाणी घातलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. त्या दिवशीचं सांगून टाकावं, असं मनात फार दाटून आलं. मी म्हणाले, "आत्या, मी त्या दिवशी लगेच नव्हते निघाले."

ती पाण्याकडेच बघत होती. "ठाव हाय," म्हणाली. "तू दारात आलीस तवा नानकटईचा वास आला व्हता. डबा गरम व्हता. माझ्या हाताला लागला."

"मग सगळ्यांना तसं का सांगता?"

"मग काय सांगू?" ती म्हणाली. तिने चहाची पूड टाकली, साखर टाकली, आणि माझ्यासाठी दुसरा कप काढला.